भल्लांच्या कॅमेऱ्यातली आमची बाल्कनी

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. इथे लिहिणारा प्रत्येक जण सुरुवातीला हेच म्हणतो आणि ते वाचून मीच आजवर हसत आले आहे… शनिवारी जेवणं झाली की लोळत लोळत या सदरातले अनुभव वाचायचे, मग मोबाइल बाजूला ठेवून झोपायचं. आपल्यावर इथे लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्या घरात देवपूजा आहे, पण भुताखेतांच्या गप्पांना कधी थारा नव्हता. त्यातही माझ्या सासूबाई — त्यांना मी आई म्हणायचे — सगळ्यांत कडक. सासरे फौजेत सुभेदार होते, त्यामुळे आईंचं अर्धं आयुष्य छावणीतल्या क्वार्टर्समध्ये गेलं. त्या सांगायच्या, "जिथे जाऊ तिथे कुणीतरी म्हणायचंच, या क्वार्टरमध्ये बाई दिसते. मला मेली एकदाही दिसली नाही. दिसली असती तर मटार सोलायला बसवली असती."

सासरे रिटायर झाल्यावर मंडळी साताऱ्याला परत गेली नाहीत. शेखरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दिल्लीतच नोकरी लागली होती. मग हे विकासपुरीतलं डीडीएचं, म्हणजे इथल्या म्हाडाचं, घर झालं. ज्यांनी हे फ्लॅट पाहिलेत त्यांना सांगायला नको… समोरासमोर ब्लॉक, मधे एक गाडी उभी राहील आणि दुसरी जेमतेम निघेल एवढी गल्ली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बाल्कनीचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यात दुपारभर ऊन. समोरच्यांच्या बाल्कन्या उत्तरेला. तिकडे डिसेंबर-जानेवारीत दारं घट्ट बंद.

आईंचा हिवाळा त्या बाल्कनीतच जायचा. वेताची खुर्ची, मरून स्वेटर, पायात लोकरी मोजे. मी एका शाळेत शिकवते. दुपारी घरी आले की मशीनमधले कपडे घेऊन बाल्कनीत जायचे. बाल्कनी एवढी अरुंद की दोरीपर्यंत पोचायला आईंच्या खुर्चीसमोरून अंग चोरून, आडवं होऊन जावं लागे.

गेल्या पावसाळ्यात आई गेल्या. झोपेतच. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा कळलं. पुढे ती वेताची खुर्ची शेखरला बघवेना, म्हणून आम्ही ती कॉलनीच्या चौकीदाराला देऊन टाकली. बाल्कनीत फक्त कुंड्या उरल्या.

समोरच्या ब्लॉकमध्ये भल्ला राहायला आले ते दिवाळीच्या सुमारास. नवरा-बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. भल्लांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. त्यांनी आईंना कधी पाहिलं नव्हतं, पाहणं शक्यच नव्हतं. आमच्या घरात त्यांचं पाऊल पडलं नव्हतं, त्यामुळे हॉलमधला फोटोही त्यांना माहीत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर या गोष्टीचा मी फार विचार केला आहे.

डिसेंबरात भल्लांच्या बाल्कनीच्या ग्रिलवर एक पांढरा कॅमेरा बसला. आमच्या बरोब्बर समोर. खाली त्यांच्याच भिंतीला लागून शेखर आमची गाडी लावतो. शेखरने वर पाहिलं आणि त्याच संध्याकाळी गल्लीत भल्लांना गाठलं. मी बाल्कनीत उभी होते.

"भाईसाहब, ये कैमरा हमारी बाल्कनी की तरफ़ क्यों है?"

"आपकी तरफ़ कहाँ है जी? गली के लिए है. पिछले मकान से बेटी की स्कूटी उठ गई थी."

"गली तो नीचे है. ये सीधा देख रहा है."

"वाइड एंगल है जी, थोड़ा-बहुत तो आएगा ही."

शेखर वर आला तो धुमसतच. "थोडंफार म्हणे! तू कपडे वाळत घालतेस, केस पुसत उभी राहतेस, ते सगळं त्याच्या मोबाइलवर!"

त्याचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो कॅमेरा लागल्यापासून मी बाल्कनीत ओढणी घेऊन जायला लागले होते. स्वतःच्या घरात! कुणी बघत असेल की नसेल, पण बघू शकतं, एवढंच पुरे असतं. शेखर म्हणाला, हिरवी जाळी लावू. मी नाही म्हटलं. चूक त्यांची आणि ऊन आपण का घालवायचं?

मग सुरू झालं ते कॉलनीत सगळीकडे होतं तेच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज, त्यावर अंगठे, कुणी त्यांच्या बाजूने, कुणी आमच्या. शेखरने पोलिसांत जायची भाषा केली. भल्लांनी लिहिलं, जाइए. सेक्रेटरीसाहेब दोघांनाही "बैठकर बात करते हैं" म्हणत राहिले आणि बसलं मात्र कुणीच नाही.

एका रविवारी शेखर खाली गाडी धूत होता. भल्ला दुकानात निघाले होते. पुन्हा तोच विषय निघाला, आवाज चढले, मी धावत खाली गेले. तेवढ्यात भल्ला म्हणाले, "एक बात मैं भी कहूँ? अपनी माताजी को समझाइए. दोपहर को बाल्कनी में खड़ी होकर हमारे कैमरे को इशारे करती हैं. हमने तो कोई कंप्लेंट नहीं की!"

क्षणभर मला कळलंच नाही ते कुणाबद्दल बोलताहेत. शेखरला मात्र कळलं. त्याने हातातला पाइप फेकला आणि भल्लांची कॉलर धरली.

"माँ पर मज़ाक करता है? मेरी माँ मर चुकी है!"

त्या वेळचा भल्लांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी कॉलर सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "मर चुकी हैं?" एवढंच म्हणाले, अगदी हळू. मग माझ्याकडे पाहिलं. लोक जमले, दोघांना वेगळं केलं, कुणीतरी पोलिसांना फोन केला. बीटचा हवालदार आला आणि पुढच्या रविवारी आरडब्ल्यूएच्या, म्हणजे कॉलनीच्या रहिवासी संघाच्या, ऑफिसात मिटवून टाका, असं सांगून गेला.

त्या आठवड्यात दूध बूथवर मिसेस भल्ला माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाल्या, "भाभीजी, गुरुद्वारे में सेवा करती हूँ, झूठ नहीं बोलूँगी. इन्होंने मज़ाक नहीं किया था. हम दोनों ने देखा है. कितनी ही बार."

"काय… क्या देखा है?"

"आंटीजी को. सफ़ेद बाल, मरून स्वेटर. मैं तो सोचती थी एक दिन जाकर पैरी पैना करूँगी, पैर छू आऊँगी. आप एक बार आकर देख लो ना."

खरं सांगते, मला राग आला नाही. भीतीही वाटली नाही. मरून स्वेटर हे शब्द तेवढे कानात राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेतून घरी न जाता मी थेट त्यांचा जिना चढले.

त्यांनी टीव्हीवर रेकॉर्डिंग लावलं. आधीच्या आठवड्यातलं होतं, दुपारचं. चित्र एकदम स्वच्छ. खालच्या बाजूला गल्ली, वरच्या अर्ध्या भागात आमची बाल्कनी — कुंड्या, दोरी, अर्धवट उघडं दार. आणि वेताच्या खुर्चीत बसलेल्या आई.

धूसर आकृती, पांढरी सावली, असलं काही नव्हतं. ऊन जसं कुंड्यांवर पडलं होतं तसंच त्यांच्या केसांवर पडलं होतं. त्या स्वेटरची बाही मागे सारत होत्या. एकदा त्यांनी पाऊल पुढे करून मोजा वर ओढला.

मग दारातून मी बाहेर आले. म्हणजे स्क्रीनवरची मी. हातात बादली, अंगावर ती निळी ओढणी. त्या दिवशी बाल्कनी रिकामी होती, शपथेवर सांगते. पण स्क्रीनवरची मी दोरीकडे जाताना आडवी झाले, अंग चोरलं… समोर खुर्ची असल्यासारखं. आणि आईंनी मला वाट द्यायला दोन्ही पाय उचलून आत घेतले.

ती सवय होती माझी, इतक्या वर्षांची. खुर्ची गेल्यावरही मी तशीच आडवी होऊन जात असेन, माझ्या लक्षातही आलं नसेल. पण आई?

मिसेस भल्लांनी माझा हात धरला. मी रडत होते हे मला त्यामुळे कळलं.

स्क्रीनवरची मी कपडे वाळत घालून आत निघून गेले आणि थोड्या वेळाने आई उठल्या. कठड्याला टेकल्या. कॅमेऱ्याकडे बघून उजव्या हाताने काहीतरी बोलावल्यासारखं करायला लागल्या — ये, ये, ये — आणि मग एकदम मूठ बंद. पुन्हा तसंच. "यही इशारा," मिसेस भल्ला कुजबुजल्या. "हमें लगता था, हमसे कह रही हैं, कैमरा बंद करो."

मी विचारलं, तुमच्या बाल्कनीतून कधी दिसल्या का? त्या म्हणाल्या, थंडीत दार उघडतच नाही. एकदा मोबाइलवर आंटीजी दिसल्या म्हणून हात हलवायला बाहेर गेले, तर समोर कुणी नव्हतं. वाटलं, आत गेल्या असतील.

तुम्ही विचाराल, मोबाइलवर फोटो का नाही काढला? काढला. त्यात टीव्हीच्या काचेवर पडलेली खिडकीची तिरीप आली आणि काळ्या पट्ट्या. तेवढ्यात भल्लांची मुलगी कॉलेजातून आली, मी डोळे पुसून उठले. म्हटलं, शेखरला घेऊन येते.

मला वाटलं होतं तो धावत येईल.

"कुणीतरी फोटो मिळवला असेल आईचा," तो म्हणाला. "आजकाल काय वाटेल ते बनवता येतं. बरोबर तुझ्या भावनांना हात घातला त्यांनी. रविवारी तू त्यांच्या बाजूने बोलावंस म्हणून."

"शेखर, मी स्वतः त्यात आहे. मी आडवी होऊन जाते. त्यांनी पाय उचलले माझ्यासाठी."

"बस."

"एकदा बघ तरी."

"त्या माणसाच्या कॅमेऱ्यात मी माझ्या आईला बघायचं? कॅमेरा मला मान्य आहे असाच त्याचा अर्थ होतो. बिल्कुल नाही."

आमची मुलगी बंगळुरूला असते, तिला फोन केला, तर तीही म्हणाली, "मम्मा, डीपफेक असेल यार. पप्पांना त्रास नको देऊस."

रविवारी आरडब्ल्यूएच्या ऑफिसात सगळे जमले. मला वाटलं होतं तसं भांडण झालंच नाही. भल्ला हात जोडूनच आत आले. कॅमेरा फिरवून फक्त स्वतःच्या गेटवर ठेवतो, म्हणाले. सेक्रेटरींनी सुटकेचा श्वास टाकला. पण शेखर म्हणाला, "और जो रिकॉर्ड हो चुका है? वो सब डिलीट होना चाहिए. मेरे सामने."

भल्ला म्हणाले, "भाईसाहब, कर दूँगा. बस एक बार देख लीजिए. मेरी माँ होतीं तो मैं देखता."

"नहीं देखना."

मी सगळ्यांसमोर मराठीत म्हटलं, "शेखर, नको ना. निदान राहू दे." त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. आम्ही चौघं भल्लांच्या घरी गेलो — ते, शेखर, मी आणि साक्षीला सेक्रेटरी. भल्लांनी रिमोट हातात घेतला, शेखर टीव्हीकडे पाठ करून उभा राहिला. हार्ड डिस्क फॉरमॅट झाली. भल्लांनी स्टुलावर चढून कॅमेरा खाली वळवला. खेळ खलास. आम्ही जिंकलो होतो.

घरी आल्यावर शेखरने बाल्कनीचं दार सताड उघडलं. "बस आता निवांत उन्हात," म्हणाला. मी स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर काही आठवडे आमच्यात या विषयावर शब्द नाही. एका शनिवारी जेवताना त्याने अचानक विचारलं, "ते इशारे म्हणत होता भल्ला… कसले इशारे?"

मी पोळी ताटात ठेवली आणि हाताने करून दाखवलं. ये, ये, ये… आणि मूठ बंद.

शेखरचा घास हातातच राहिला. "पुन्हा कर," म्हणाला.

मी पुन्हा केलं.

"तुला हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी बघितलं. का?"

त्याने घास ताटात ठेवला. म्हणाला, "आई गाडी लावून द्यायची मला. शनिवारी मी दुपारी यायचो ना… विजेचा खांब आणि भिंत यांच्यात गाडी मागे घ्यायची म्हणजे वैताग. ती वरून हात करायची. मागे, मागे, मागे… बस. बाबांच्या युनिटमधले जवान ट्रक लावताना करायचे तसं. ओरडायची नाही, फक्त हात. मी आरशात तिचा हात बघून गाडी लावायचो."

मी इतकी वर्षं त्या घरात होते, मला हे माहीत नव्हतं. शनिवारी त्या वेळी मी मागच्या बाजूला स्वयंपाकघरात पोळ्या करत असायचे. त्यानेही कधी सांगितलं नव्हतं… त्यात सांगण्यासारखं तरी काय होतं? मग भल्लांना कोण सांगणार?

आई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कॅमेऱ्याच्या खाली बघत होत्या. शेखर गाडी लावतो तिथे.

शेखर ताटावरून उठला, हात धुतले आणि चप्पल घालून समोर गेला. तो तिथे काय बोलला मला माहीत नाही. अर्ध्या तासाने मिसेस भल्लांनी मला बोलावून घेतलं. पाहते तर भल्ला स्वतः स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढत होते आणि शेखर सोफ्यावर लहान मुलासारखा बसला होता. दोघं मिळून ती डिस्क नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात घेऊन गेले. तिथल्या माणसाने बरीच खटपट केली. परत मिळालेल्या तुकड्यांत भाजीची गाडी होती, कुत्री होती, भल्लांची मुलगी स्कूटी काढताना होती. आमची बाल्कनी एकाही तुकड्यात नव्हती.

भल्लांनी कॅमेरा पुन्हा वर वळवून दिला, शेखरने विनंती केली म्हणून. ग्रुपवर कुणीतरी हसण्याचे इमोजी टाकले. टाकू देत. त्यानंतर कितीतरी दुपारी शेखर ऑफिसातून मोबाइलवर बघत बसायचा; भल्लांनी त्याला लॉगिन दिलं होतं. ऊन, कुंड्या, कपडे आणि मी. बाकी काही नाही. आई त्या फॉरमॅटनंतर पुन्हा दिसल्या नाहीत.

मी खूप विचार केला. बनवाबनवी म्हणावी तर भल्लांना त्यातून काय मिळालं? हाताची ती खूण त्यांना कुठून कळली? माझ्या मनाचे खेळ म्हणावे तर भल्ला नवरा-बायकोंनी माझ्या आधी पाहिलं होतं. आणि आई खरंच तिथे होत्या म्हणावं, तर मग आता कुठे गेल्या? कॅमेरा आहे, बाल्कनी आहे, ऊन आहे. मला याचं उत्तर मिळालेलं नाही, आणि शेखर आता शोधतही नाही.

मार्चच्या तोंडाशी, ऊन बाल्कनीतून मागे हटायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. शेखरने सुट्टी घेतली होती. म्हणाला, "तू भल्लांकडे जाऊन टीव्हीवर बघ. मी बाल्कनीत बसतो. कदाचित मी असलो तर…" वाक्य त्याने पुरं केलं नाही. मी गेले. मिसेस भल्लांनी टीव्ही लावून दिला आणि चहाच्या निमित्ताने आत गेल्या.

स्क्रीनवर शेखर दिसत होता. घरातली एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन तो बाहेर आला, मधोमध ठेवून बसला. मग उठला आणि खुर्ची कठड्याच्या एका टोकाला सरकवली, दुसऱ्या बाजूला जागा राहील अशी. पाय आखडून बसला. थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"दिसतंय काही?"

मी स्क्रीनकडे बघत होते. तो होता, आणि त्याच्या शेजारी फरशीवर ऊन होतं. हो म्हणावं असं फार वाटलं. एक शब्द, बस. पण मग त्याने विचारलं असतं, काय करतेय? माझ्याकडे बघतेय का? आणि मी काय सांगितलं असतं?

"नाही रे," म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. "मी बसतो अजून थोडा वेळ. तू फोन ठेवू नकोस."

मी फोन कानाला धरून बसून राहिले. मिसेस भल्ला चहा ठेवून गेल्या, तो तसाच गार झाला. स्क्रीनवर ऊन आधी कुंड्यांवरून गेलं, मग शेखरच्या गुडघ्यांवरून. तो रिकाम्या जागेकडे तोंड करून बसला होता, अंग चोरून, कुणाला तरी वाट हवी असेल तर मिळावी म्हणून.